सल्ल्याचं रजिस्टर

अमळनेरात आमचं मेडिकल आहे. वडिलांनी टाकलेलं, आता मी आणि पुतण्या मिळून बघतो. काउंटरच्या मागं, इन्सुलिनच्या फ्रिजला टेकून एक लांबट रजिस्टर उभं असतं. एच-वन रजिस्टर. शेड्यूल एच-वन, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांची कडक यादी; त्यातलं कुठलंही औषध गेलं की त्यात ओळ पडलीच पाहिजे: लिहून देणाऱ्या डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध कोणतं, किती. तीन वर्षं सांभाळायचं. इन्स्पेक्टर आले की चहाच्या आधी तेच मागतात. दहा गोळ्यांची पट्टी कोणाच्या शब्दावर कोणाच्या हातात गेली, हा हिशेब मला देता आला नाही तर लायसनवर येतं.

२६ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारनं हायड्रॉक्सिक्लोरोक्विनला या रजिस्टरात आणलं. तोवर ती तशी गरीब गोळी होती. घराणं मलेरियाचं, पण आमच्याकडून जायची ती संधिवाताच्या नाहीतर ल्युपसच्या पेशंटला. त्याच्या चार दिवस आधी आयसीएमआरच्या, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, राष्ट्रीय टास्क फोर्सची शिफारस आली होती: कोरोनाच्या पेशंटजवळ काम करणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांनी आणि बाधिताच्या घरातल्या माणसांनी ही गोळी बचावासाठी घ्यावी. पहिल्या दिवशी ४०० मिलिग्रॅम दोनदा, मग आठवड्यातून एकदा. शिफारस तेवढ्यांपुरतीच होती. दुकानात मात्र सगळे आले. अडत्ये आले, मास्तर आले, कोणाच्या पुण्याच्या जावयानं फोन केला म्हणून कोणी आलं. जळगावचा होलसेलर फोन उचलेना. उचलला तेव्हा म्हणाला, "शेठ, वरूनच माल नाही."

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पैलाड भागातल्या एक मावशी आल्या. सहा वर्षांपासून रोज एक गोळी चालू. बोटांची पेरं सुजलेली, पिशवीचा बंद मनगटात अडकवलेला, कारण मुठीत धरवत नव्हता. मी रिकामा डबा दाखवला. त्या रागावल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, "भाऊ, मन्ही साधी गोळी इतली मोठी कशी व्हई गयी?"

मी डी.फार्म. झालेला, पंचवीस वर्षं औषधं विकणारा माणूस. शिफारशीचं पत्रक मोबाइलवर आलं होतं, वाचलंही होतं. प्रयोगशाळेतल्या अभ्यासांचा मोघम उल्लेख त्यात होता. पण टास्क फोर्सच्या बैठकीत नेमकं काय बोलणं झालं, कोणी हरकत घेतली का, पुरावा पक्का की कच्चा, याचा फेरविचार कधी आणि कशावरून करायचा, यातलं काही माझ्यापर्यंत पोचलेलं नव्हतं. माझ्यापर्यंतच कशाला, जिल्ह्याच्या डॉक्टरांपर्यंतही नव्हतं. त्या बैठकांची इतिवृत्तं लोकांसमोर ठेवलीच गेली नाहीत. मावशींच्या प्रश्नाला 'वरून आलं' यापलीकडं माझ्याकडं उत्तर नव्हतं.

तेव्हापासून एक विचार डोक्यातून जात नाही. एका पट्टीचा हिशेब कायदा माझ्याकडून मागतो, मग देशभर गोळी हलवणाऱ्या सल्ल्याचा हिशेब कुठल्या रजिस्टरात असतो?

शास्त्रज्ञ चुकले म्हणून मी हे लिहीत नाही. नवा रोग होता, जगात कोणालाच माहीत नव्हता. डॉक्टर मरत होते, हातात काही नव्हतं, तेव्हा एखाद्या जुन्या, स्वस्त गोळीकडं बघावंसं वाटणं मी समजू शकतो. पण जून २०२० मध्ये इंग्लंडच्या रिकव्हरी चाचणीनं सांगितलं की दवाखान्यात भरती असलेल्यांना तिचा उपयोग नाही. जुलैत जागतिक आरोग्य संघटनेनंही आपल्या चाचणीतून ती काढली. आपल्याकडं उपचारांच्या यादीतून ती गेली सप्टेंबर २०२१ मध्ये. बचावासाठी घेणं आणि उपचारासाठी घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे खरं, आणि टास्क फोर्सकडं तिला ठेवण्याचं काही कारण असेलही. ते कारण काय, एवढंच मला विचारायचं आहे.

दुसऱ्या लाटेत तर काउंटरवर दोन सरकारी कागद एकदम आले. एप्रिल २०२१ च्या राष्ट्रीय मार्गदर्शिकेत सौम्य आजारासाठी आयव्हरमेक्टिन ही जंतांवरची गोळी 'देता येईल' असं होतं. मेच्या अखेरीस आरोग्य सेवा महासंचालनालयानं आपली वेगळी मार्गदर्शिका काढली, त्यातून आयव्हरमेक्टिन आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन दोन्ही गायब. पहिला कागद मात्र सप्टेंबरपर्यंत तसाच. चार महिने एकाच सरकारचे दोन सल्ले. एक डॉक्टर पहिल्या कागदाप्रमाणं लिहायचे, दुसरे दुसऱ्याप्रमाणं, आणि एकाच घरातले दोन पेशंट दोन चिठ्ठ्या घेऊन माझ्यासमोर. एक आबा शांतपणे म्हणाले, "मंग आते कोनतं खरं मानानं?" दोन्ही समित्यांत जाणकार माणसं होती. दोघांनी आपापली कारणं एका पानावर लिहिली असती, तर निदान डॉक्टरांना ठरवता आलं असतं की आपल्या पेशंटला कुठलं लागू.

आमच्या भागाला मोघम सल्ल्याची सवय नाही, हे मुंबई-दिल्लीच्या लोकांना सांगून पटत नाही. गुलाबी बोंडअळी आली तेव्हा कृषी खातं सांगू लागलं, १ जूनच्या आत कापूस लावू नका. ठिबकवर मे महिन्यात कापूस टोचणाऱ्या खान्देशाला हा सल्ला कडू होता. पण पारावरचा कोणीही माणूस तुम्हाला त्याचं कारण सांगेल: लवकरच्या पिकाला पाते-फुलं लवकर लागतात, पतंगाला आयतं घर मिळतं, साखळी तुटत नाही. काही जण तरीही मेमध्ये लावतात. पण काय मोडतोय आणि का, हे त्यांना माहीत असतं. केळीच्या खताच्या मात्रेची शिफारससुद्धा एकट्या शास्त्रज्ञाच्या मनावर निघत नाही. चारही कृषी विद्यापीठांची माणसं दरवर्षी संयुक्त बैठकीत बसतात, ज्याची शिफारस त्याला आकडे मांडून सवाल-जवाबाला तोंड द्यावं लागतं, मगच ती छापली जाते. केळीच्या झाडाला जेवढं मिळतं तेवढं माणसाच्या औषधाला मिळू नये, याचं मला राहून राहून नवल वाटतं.

दुसरं उदाहरण गिरणेचं. पाऊस संपला की कालवा सल्लागार समितीची बैठक होते. धरणात साठा किती टक्के, पिण्यासाठी राखीव किती, रब्बीला आवर्तनं किती, हे तिथं ठरतं. बैठक कसली, भांडणच असतं. भडगाव-पाचोऱ्याकडचे एक बोलतात, खालच्या अंगाचे दुसरं. दुसऱ्या दिवशी पेपरात कोण काय बोललं ते येतं. पाणी कमी असलं तर कमी आहे असं सांगतात, आणि लोक शिव्या देत का होईना, त्याप्रमाणं पेरतात. आमच्याकडं शहरात नळाला चार-चार, आठ-आठ दिवसांनी पाणी येण्याचे दिवस लोकांनी काढलेत. 'नाही म्हणून वाटून घेऊ' ही भाषा इथं बाईमाणसाला, पोरासोरालाही कळते.

म्हणून १३ मे २०२१ चा निर्णय मला जास्त टोचतो. कोव्हिशील्डच्या दोन डोसांतलं अंतर सुरुवातीला चार ते सहा आठवडे होतं, मार्चमध्ये सहा ते आठ झालं, आणि त्या दिवशी एकदम बारा ते सोळा. लसीचा तुटवडा होता तेव्हा. अमळनेरात लोक पहाटे चारला केंद्रासमोर चपला, विटा ठेवून नंबर लावायचे. सरकारनं सांगितलं, हा निर्णय शास्त्रीय आहे, लसीकरणाच्या राष्ट्रीय तांत्रिक सल्लागार गटाची, म्हणजे एनटॅगीची, ही शिफारस आहे. महिन्याभरात रॉयटर्सनं बातमी दिली की त्याच गटाच्या तीन सदस्यांचं म्हणणं वेगळं आहे. त्यातले डॉ. एम. डी. गुप्ते राष्ट्रीय साथरोग संस्थेचे माजी संचालक. ते म्हणाले, गटाचा पाठिंबा आठ ते बारा आठवड्यांना होता, बारानंतरच्या अंतराबद्दल आकडेवारी नव्हती. गटाच्या वतीनं डॉ. एन. के. अरोरा म्हणाले, निर्णय एकमतानं झाला.

आता दोघंही मोठी माणसं. कोणाचं खरं, हे मी अमळनेरात बसून ठरवणार नाही. पण हा वाद मिटवायला त्या दिवशी एकच कागद पुरला असता, बैठकीचा. तो त्या दिवशी समोर नव्हता. पुढं इतिवृत्तं मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आली. लससक्तीबद्दलच्या जेकब पुलियल खटल्यात २ मे २०२२ च्या निकालात सुप्रीम कोर्टानंही म्हटलं की या गटाच्या बैठकांची माहिती लोकांसाठी उपलब्ध आहे. ठीक आहे. पण पेरणी झाल्यावर आलेला हवामानाचा अंदाज जितका कामाचा, तितकंच ते इतिवृत्त कामाचं.

अंतर वाढवण्याला आधार नव्हता असंही नाही. अंतर लांबलं तर या लसीचा परिणाम बरा दिसतो, असं फेब्रुवारी २०२१ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं होतं. तुटवडा असताना जास्त लोकांना निदान एक डोस मिळावा, हेही शहाणपणाचंच कारण होतं. ते उघड सांगायला काय हरकत होती? 'लस कमी आहे, म्हणून दुसरा डोस लांबवतो, शास्त्र याच्या आड येत नाही' असं कोणी म्हणालं असतं, तर गिरणेच्या पाण्यावर वाढलेल्या माणसानं मान डोलावली असती. त्याऐवजी सगळा भार शास्त्रावर टाकला. माझ्या मते खरी गडबड इथं आहे. शास्त्रज्ञांनी काय सांगितलं आणि सरकारनं काय ठरवलं, या दोन वेगळ्या रेघा आहेत. पैसा, पुरवठा, निवडणूक, पोटापाण्याचा धंदा, हे सगळं सरकारनं बघायचंच असतं; त्यासाठीच त्याला निवडून दिलेलं असतं. पण दोन्ही रेघा एकावर एक गिरवल्या की सरकारच्या चुकीचा दोष शास्त्रज्ञांच्या माथी जातो, आणि पुढच्या वेळी खरा सल्लाही कोणी ऐकत नाही.

२४ एप्रिल २०२० चा तो आलेख आठवत असेल. नीती आयोगाचे डॉ. व्ही. के. पॉल यांनी पत्रकार परिषदेत दाखवला, त्याची रेघ १६ मेपर्यंत शून्याला टेकत होती. मे उजाडला आणि १६ तारखेला देशातल्या एकूण रुग्णांचा आकडा ८५ हजारांच्या वर गेलेला होता. पुढं खुलासा आला, शून्य होईल असं कोणी म्हटलंच नव्हतं. ऑक्टोबर २०२० मध्ये सरकारनं नेमलेल्या 'सुपरमॉडेल' समितीनं सांगितलं, शिखर सरलं, फेब्रुवारीपर्यंत साथ आटोपेल. त्या समितीवर अन्याय नको: 'काळजी घेतली तर' अशी अट तिनं घातली होती आणि आपलं गणितही छापलं होतं. पण अट दिल्लीहून निघून आमच्या गावच्या पेपरात येईपर्यंत गळून पडली. फेब्रुवारीत लग्नांचा धूमधडाका. एप्रिलमध्ये ऑक्सिजनसाठी धावाधाव.

त्या धावाधावीत आमच्याच खान्देशातला एक जिल्हा वेगळा निघाला. नंदुरबारचे तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारुड, साक्री तालुक्यातल्या सामोड्याचे, स्वतः एमबीबीएस. पहिली लाट ओसरत असताना, बाहेरच्या देशांत काय चाललंय ते बघून, त्यांनी हवेतून ऑक्सिजन काढणारे प्लांट बसवायला घेतले. दुसऱ्या लाटेत शेजारच्या जिल्ह्यांतले, गुजरातेतले पेशंट तिकडं जाऊ लागले. ज्याला आपण मागास म्हणून मोजतो त्या जिल्ह्यात हे झालं. भारुडांचं कौतुक खूप झालं, माझा मुद्दा कौतुकाचा नाही. देशात सातशेच्या वर जिल्हे. प्रत्येकाला असा कलेक्टर मिळेल या भरवशावर राहता येत नाही. 'साथ संपत आली' या वाक्यामागं खात्री किती, हे जर वाक्यासोबतच सांगितलं असतं, तर साध्या, मध्यम कुवतीच्या अधिकाऱ्यालाही चार सिलिंडर जास्त ठेवायचं सुचलं असतं. आणि ज्या शास्त्रज्ञांना आकडे तपासता आले असते, त्यांना आकडेच मिळत नव्हते. एप्रिल २०२१ च्या अखेरीस देशातल्या शेकडो शास्त्रज्ञांनी पंतप्रधानांना पत्र लिहून आयसीएमआरची चाचण्यांची माहिती मागितली. माहिती खुली करा अशी विनवणी शास्त्रज्ञांनाच करावी लागली, साथ ऐन भरात असताना.

उघडेपणाविरुद्ध दोन गोष्टी नेहमी सांगितल्या जातात. पहिली, लोक घाबरतील.

सप्टेंबर १९९४. मी वडिलांच्या हाताखाली दुकानात बसायला लागलो होतो. सुरतेत प्लेग म्हणून बातमी आली. सुरत आम्हाला परकी नाही; उधना, लिंबायतला निम्मं खान्देश राहतं, घरटी एक जण तिकडं लूमवर. सुरत-भुसावळ लाइनच्या गाड्या भरून येऊ लागल्या. दाराला लटकलेली माणसं, तोंडाला ओला रुमाल, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, प्रत्येक स्टेशनात उतरताहेत. प्लेग आहे की नाही यावरच डॉक्टरांचं एकमत नव्हतं. कोणी म्हणे न्यूमोनिया, कोणी म्हणे आणखी काही. सरकारी निवेदनं सकाळी एक, संध्याकाळी एक. टेट्रासायक्लिनच्या आमच्याकडं होत्या नव्हत्या त्या कॅप्सूल एका दुपारीत गेल्या. वडिलांनी शेवटचा डबा खाली ठेवून घेतला, खरंच ताप असलेला कोणी आला तर म्हणून, आणि त्यावरून शेजाऱ्यानं वर्षभर बोलणं टाकलं. डॉ. रामलिंगस्वामींच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं पुढं अहवाल दिला, तो प्लेगच होता. तोवर गाड्या रिकाम्याही परत गेल्या होत्या. लोक माहितीनं घाबरले नाहीत. माहिती नव्हती, त्या रिकाम्या जागेत अफवा भरली.

दुसरी गोष्ट जास्त वजनदार आहे: प्रत्येक शब्द छापला जाणार म्हटलं की तज्ज्ञ मोकळं बोलणार नाहीत, आणि उद्या मोबाइलवर शिव्या खाण्यापेक्षा गप्प बसणं पत्करतील. ही भीती खोटी नाही. आमच्या गावात साधा मास्क लावा म्हटल्यावर एका सरकारी डॉक्टरांच्या अंगावर लोक धावून गेले होते. पण यावर वाट निघते, आणि ती ब्रिटननं काढून दाखवली. तिथल्या सेज या सल्लागार गटाचं कामही आधी बंद दाराआडच होतं, सदस्य कोण हेसुद्धा गुपित. ओरड झाली. ४ मे २०२० ला नावं जाहीर झाली, २९ मेपासून इतिवृत्तं निघू लागली. त्यात कोण काय म्हणाला ते नसतं. पण काय ठरलं, आणि त्याबद्दल खात्री भक्कम, मध्यम की कमी, हे असतं. माणूस झाकला जातो, शंका उघडी राहते. यानं ब्रिटनचं सगळं भलं झालं म्हणाल तर नाही, त्यांच्याकडं माणसं भरपूर गेली. उघडेपणा म्हणजे लस नव्हे. पण सल्ला काय होता आणि सरकारनं तो किती उशिरा ऐकला, हे तिथल्या माणसाला तारखेसकट दाखवता येतं. मला येत नाही.

यासाठी नवा कायदाही लागत नाही. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचं चौथं कलम काढून बघा. कुठल्या समित्या आहेत, त्यांची इतिवृत्तं लोकांना बघता येतात का, हे कोणी न मागता सांगायचं. लोकांवर परिणाम करणारे निर्णय जाहीर करताना संबंधित माहिती द्यायची. निर्णयाची कारणं ज्यांच्यावर तो लागू होतो त्यांना द्यायची. आणि हे सगळं त्या भागातली भाषा लक्षात घेऊन. आण्णा हजारेंच्या उपोषणांतून वर आलेला हा हक्क, महाराष्ट्रानं तरी विसरायला नको.

भाषेचं तर बोलायलाच नको. एनटॅगीचं इतिवृत्त इंग्रजीत, मंत्रालयाच्या संकेतस्थळाच्या पोटात. धडगाव-मोलगीकडं पावरी, भिली बोलणाऱ्या पाड्यांत २०२१ मध्ये लस घ्यायला लोक बिचकत होते, तेव्हा आशाताईच्या हातात काय होतं? 'लस सुरक्षित आहे' असं मराठी पोस्टर. का सुरक्षित, कोणाला त्रास होऊ शकतो, झाला तर पुढं काय, हे ती आपल्या बोलीत सांगू शकली असती, जर तिला कोणी सांगितलं असतं. ३ जानेवारी २०२१ ला कोव्हॅक्सिनला मंजुरी मिळाली तेव्हा तिसऱ्या टप्प्याचे परिणामकारकतेचे आकडे यायचे होते, म्हणून 'क्लिनिकल ट्रायल मोड' असा एक शब्द त्या मंजुरीला जोडला. त्याचा अर्थ मलाच दोन वेळा वाचून कळला नाही. पुढं आकडे आले, लस बरी निघाली. पण त्या सहा महिन्यांत पाड्यावरच्या बाईला 'विश्वास ठेव' यापलीकडं काही दिलं नव्हतं, आणि तिच्या अनुभवात हे वाक्य बोलणारी सरकारी माणसं काही फार खरी निघालेली नाहीत.

मला मोठी यंत्रणा नको आहे. सल्ला निघाला की आठ दिवसांत एक पान. कशाच्या आधारावर, खात्री किती, वेगळं मत होतं का आणि काय, पुन्हा कधी बघणार. खाली वेगळ्या रेघेखाली सरकारनं त्यातलं काय घेतलं, काय नाही आणि का. मराठीत, आणि जमलं तर आकाशवाणीच्या जळगाव, धुळे केंद्रांवरून आमच्या बोलीत. साथ नसतानाच याची घडी बसवावी लागेल, कारण ऐन साथीत कोणाला वेळ नसतो. हे मी बघितलं आहे, त्या दिवसांत मला रजिस्टर लिहायलाही रात्रीचे बारा व्हायचे. पण लिहायचो.

२०२० चं ते रजिस्टर कायद्याप्रमाणं केव्हाच रद्दीत घालता आलं असतं. पुतण्या दर दिवाळीला विचारतो, काका, हे काढू का. मी ठेवलंय. परवा सहज उघडलं. एप्रिलच्या पानांवर हायड्रॉक्सिक्लोरोक्विनच्या ओळीच थोड्या, कारण मालच नव्हता. त्यांतही बहुतेक नावं दवाखान्यातल्या माणसांची. पैलाडच्या मावशींचं नाव सापडतं ते थेट १९ जूनला. ३० गोळ्या.